नवसंगीताचे रात्रकालीन ध्वनिक्षेपण

समकालीन, विशेषतः प्रयोगशील वळणाचे संगीत नभोवाणीवरून रात्री उशिरा ऐकविण्याची प्रथा. दुसऱ्या महायुद्धानंतर पश्चिम यूरोपातील सार्वजनिक नभोवाणी-संस्थांनी ती रूढ केली. बातम्या, नाटके, करमणुकीची गाणी आणि मान्यता पावलेले अभिजात संगीत यांनी दिवसाचा व सायंकाळचा वेळ व्यापल्यावर जो वेळ उरे, तो या संगीताच्या वाट्यास आला. वरवर पाहता ही केवळ वेळापत्रकाची सोय होती. तथापि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील पाश्चात्त्य संगीतातील काही महत्त्वाच्या रचना या उरलेल्या वेळेच्या आधारानेच निर्माण झाल्या आणि त्या ऐकणारा श्रोताही याच वेळेने घडविला. रात्रीची वेळ हा नवसंगीताला मिळालेला आसरा होता, की त्याला ठोठावलेली हद्दपारी, असा वाद पुष्कळदा घातला गेला आहे. या कार्यक्रमांचा इतिहास पाहिला, तर मुख्य प्रश्न घड्याळाचा नसून त्या वेळेत संबंधित संस्था काय करीत होती याचा आहे, असे दिसते.

रात्र आणि संगीत यांचा संबंध भारतीय श्रोत्याला नवा नाही. मालकंस, दरबारी कानडा, बागेश्री हे राग रात्रीचे मानले जातात आणि रागाच्या प्रकृतीवरून त्याची वेळ ठरते, अशी आपली धारणा आहे. येथे ज्या रात्रीचा विचार करावयाचा आहे, ती मात्र निराळी. ती संगीताच्या प्रकृतीतून आलेली नाही, कार्यालयातून आलेली आहे. इलेक्ट्रॉनीय ध्वनींच्या रचनेत रात्रीचे असे काही नसते. ती सकाळी नऊ वाजता लावली, तर तक्रारींची पत्रे येतात आणि रात्री अकराला लावली, तर येत नाहीत, एवढेच. असे असूनही या प्रशासकीय रात्रीने ऐकण्याची एक विशिष्ट पद्धत निर्माण केली. घर निजलेले असते, रस्त्यावरील आवाज थांबलेले असतात आणि जो मनुष्य त्या वेळी यंत्रापाशी बसतो, तो मुद्दाम बसलेला असतो. नवसंगीताला अशाच श्रोत्याची गरज होती.

या प्रथेचे सर्वांत फलदायी उदाहरण कोलोन येथील आहे. १९३३ ते १९४५ या काळात जर्मनीत शोनबेर्ग, वेबर्न, हिंडेमिट, स्ट्राव्हिन्स्की प्रभृतींचे संगीत दडपले गेले होते; १९३८ मध्ये ड्यूसेलडोर्फ येथे ‘अधःपतित संगीता’चे प्रदर्शनच भरविण्यात आले. युद्ध संपल्यावर तरुण जर्मन संगीतकारांना आपल्या मागच्या पिढीचे संगीत ठाऊक नव्हते, ही अवस्था होती. ही तूट भरून काढण्याचे प्रयत्न अनेक ठिकाणी झाले. म्यूनिक येथे कार्ल आमाडेउस हार्टमान याने १९४५ मध्ये ‘म्यूझिका व्हिव्हा’ ही संगीतसभांची मालिका सुरू केली. डार्मश्टाट येथे १९४६ पासून उन्हाळी अभ्यासवर्ग भरू लागले. परंतु संगीतसभा किंवा अभ्यासवर्ग यांना त्या गावी जावे लागते. नभोवाणी घरी येते.

ब्रिटिश अंमलाखालील भागासाठी स्थापन झालेल्या वायव्य जर्मन नभोवाणीच्या कोलोन केंद्रावर हेर्बर्ट आइमर्ट (१८९७–१९७२) हा संगीतज्ञ काम करीत होता. स्वरकेंद्र नाकारणाऱ्या संगीतपद्धतीचे विवेचन करणारा ग्रंथ त्याने १९२४ मध्येच लिहिला होता. १९४८ मध्ये त्याने केंद्रावर ‘संगीताचा रात्रकार्यक्रम’ सुरू केला आणि १९६० नंतरच्या दशकाच्या मध्यापर्यंत तो चालविला. या कार्यक्रमाचे वैशिष्ट्य त्याच्या बांधणीत होते. नुसती ध्वनिमुद्रिका लावून निवेदकाने नाव सांगावे आणि पुढे जावे, असा हा प्रकार नव्हता. जाणकाराने लिहिलेले भाष्य, त्यात योग्य त्या ठिकाणी रचनेतील लहान लहान अंश, आणि पूर्ण रचना, असे त्याचे स्वरूप असे. म्हणजे हा संगीताचा कार्यक्रम असला, तरी त्याचा कणा निबंधाचा होता. पुढे कार्लहाइन्ट्स श्टोकहाउझेन (१९२८–२००७) याने या केंद्रासाठी वेबर्न, दब्यूसी इत्यादींच्या रचनांवर अशी भाष्ये लिहिली व ती नंतर ग्रंथरूपाने संगृहीत झाली. त्या लेखनाचे मानधन हा त्या दिवसांत त्याच्या उपजीविकेचा एक आधार होता, ही गोष्ट किरकोळ समजू नये. नवसंगीताचे आश्रयदाते कोण, या प्रश्नाचे उत्तर येथे मिळते. राजे-रजवाडे गेले, धनिकांना या संगीतात रस नव्हता. त्यांची जागा दरमहा २ मार्क परवाना शुल्क भरणाऱ्या असंख्य श्रोत्यांनी घेतली. यांतील बहुतेकांनी तो कार्यक्रम कधीही ऐकला नसेल.

भाष्य करणारा कार्यक्रम असल्यामुळेच त्यातून निर्मितीही झाली. बॉन विद्यापीठातील ध्वनिविज्ञ वेर्नर मायर-एप्लर आणि ध्वनितंत्रज्ञ रोबर्ट बायर यांच्या सहकार्याने आइमर्ट याने इलेक्ट्रॉनीय ध्वनिविश्वाविषयीचा एक कार्यक्रम १८ ऑक्टोबर १९५१ रोजी रात्री प्रक्षेपित केला. त्याच दिवशी झालेल्या बैठकीत अशा संगीतासाठी केंद्रातच स्वतंत्र ध्वनिशाळा उभारण्याचे ठरले. नभोवाणीच्या तपासणी-विभागात यंत्रांची परीक्षा घेण्यासाठी जी ध्वनिजनक उपकरणे, गाळण्या व फीतयंत्रे वापरीत, जवळजवळ तीच सामग्री येथे वाद्य म्हणून वापरण्यात आली. श्टोकहाउझेन १९५३ मध्ये येथे आला. एकेक शुद्ध स्वर फितीवर घेऊन, तो मोजून कापून, दुसऱ्याशी जोडून रचना सिद्ध करावी लागे. त्याची १९५४ मधील दुसरी अभ्यासरचना ऐकण्यास सुमारे तीन मिनिटे लागतात. ती रचण्याचे परिश्रम मात्र कोणत्याही व्यापारी संस्थेला परवडले नसते. १९ ऑक्टोबर १९५४ रोजी या ध्वनिशाळेतील रचनांची सभा केंद्राच्या सभागृहात झाली आणि व्यासपीठावर वादक नसून केवळ ध्वनिवर्धक आहेत, याचे प्रेक्षकांना नवल व काहींना संताप वाटला. वस्तुतः या संगीताचे नैसर्गिक स्थान सभागृह नव्हतेच. जो श्रोता अंधाऱ्या खोलीत यंत्रापाशी बसून ऐकत होता, त्याला वादक कधीच दिसत नव्हता. म्हणून त्याला वादकाची उणीवही भासली नाही. रात्रीच्या नभोवाणीने इलेक्ट्रॉनीय संगीताचा श्रोता, ते संगीत जन्मण्यापूर्वीच तयार करून ठेवला होता, असे म्हणण्यास हरकत नाही.

रात्रीच्या वेळेला एक भौतिक बाजूही आहे आणि संगीतविषयक लेखनात तिचा उल्लेख क्वचितच होतो. मध्यम लहरींवरील ध्वनिक्षेपण दिवसा प्रक्षेपकाच्या आसपासच्या प्रदेशापुरते मर्यादित राहते, कारण आयनांबराचा सर्वांत खालचा थर त्या लहरी शोषून घेतो. सूर्यास्तानंतर हा थर विरतो आणि लहरी वरच्या थरांवरून परावर्तित होऊन शेकडो किलोमीटर दूर जातात. त्यामुळे रात्रीचा कार्यक्रम हा आपोआप परदेशी श्रोत्यांचाही कार्यक्रम ठरतो. ज्या वेळेला कोलोनमधील अधिकारी ‘उरलेली’ समजत होते, तीच वेळ सर्वांत दूर पोहोचणारी होती. शीतयुद्धाच्या काळात लोखंडी पडद्यापलीकडील देशांत, जेथे नवसंगीताची स्वरलिपी किंवा ध्वनिमुद्रिका मिळणे दुरापास्त होते, तेथे या योगायोगाला मोठा अर्थ आला.

याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण ग्यॉर्जी लिगेटी (१९२३–२००६) या हंगेरियन रचनाकाराचे. १९५६ च्या ऑक्टोबरमध्ये बूडापेस्टला उठाव झाला. ४ नोव्हेंबर रोजी सोव्हिएट रणगाडे शहरात घुसले. ७ नोव्हेंबरच्या रात्री कोलोन केंद्रावरून श्टोकहाउझेनची ‘तरुणांचे गीत’ (गेझांग देर युंगलिंगे) ही रचना प्रक्षेपित झाली. लिगेटीने नंतर सांगितलेल्या आठवणीप्रमाणे, गोळीबारामुळे लोक तळघरांत आसरा घेऊन राहिले असता, तो वर येऊन ती ऐकत बसला. डिसेंबरमध्ये त्याने सीमा ओलांडून व्हिएन्ना गाठले व १९५७ च्या प्रारंभी तो कोलोनच्या ध्वनिशाळेत दाखल झाला. तेथे त्याने केलेली इलेक्ट्रॉनीय रचना थोडीच आहे. ‘आर्टिक्युलात्सिओन’ (१९५८) ही तीतील मुख्य. परंतु ध्वनींचे थर एकमेकांत विरघळविण्याचे जे तंत्र तो तेथे शिकला, ते त्याने ‘आटमोस्फेर’ (१९६१) या वाद्यवृंदरचनेत वापरले आणि त्या रचनेने यूरोपीय वाद्यवृंदाचा नादच बदलला. रात्रीच्या कार्यक्रमास श्रोते किती, असा प्रश्न नभोवाणीच्या हिशेबनिसांनी नेहमी विचारला आहे. त्या रात्री बूडापेस्टमधील एक श्रोता कोणत्याही हिशेबात धरला गेला नव्हता.

या कथेत थोडा विषादही आहे. ‘तरुणांचे गीत’ ही सुमारे तेरा मिनिटांची रचना, बायबलमधील दानीएलच्या कथेला जोडलेल्या, अग्निकुंडात टाकलेल्या तीन तरुणांच्या स्तोत्रावर आधारलेली आहे. एका मुलाचा आवाज आणि यंत्रनिर्मित ध्वनी यांचा तीत असा मेळ आहे, की शब्द कोठे संपतो आणि नाद कोठे सुरू होतो, हे सांगता येऊ नये. ३० मे १९५६ रोजी कोलोन येथे ती प्रथम सादर झाली, तेव्हा सभागृहात ध्वनिवर्धकांचे पाच समूह मांडलेले होते व ध्वनी एका समूहाकडून दुसऱ्याकडे फिरत होता. अवकाश हा त्या रचनेचा एक घटकच होय. नभोवाणीवर मात्र ते पाचही स्रोत एकाच मार्गात कोंबले जात आणि श्रोत्याच्या घरी तळहाताएवढ्या एकाच ध्वनिवर्धकातून बाहेर पडत. दूरच्या श्रोत्याला तर लहरींच्या चढउताराने आवाज मधूनमधून क्षीण होऊन ऐकू येई. म्हणजे लिगेटीने जी रचना ऐकली, ती श्टोकहाउझेनने रचलेली रचना नव्हती. तिची सावली होती. ज्या माध्यमाने हे संगीत जन्मास घातले, तेच माध्यम ते पूर्णांशाने पोहोचवू शकत नव्हते. या विसंगतीची दखल त्या काळच्या उत्साही लेखनात फारशी घेतलेली दिसत नाही. सावलीही एखाद्या रचनाकाराचे आयुष्य बदलण्यास पुरेशी ठरली, ही गोष्ट वेगळी.

कोलोनच्या कार्यक्रमाविषयी आणखी एक आक्षेप नोंदविणे आवश्यक आहे. जेथे भाष्यकार, रचनाकार, ध्वनिशाळेचा प्रमुख आणि कार्यक्रमाचा संपादक ही एकच मंडळी असतात, तेथे विवेचनाचे रूपांतर पक्षप्रचारात होण्यास वेळ लागत नाही. आइमर्ट व श्टोकहाउझेन यांनी १९५५ पासून ‘डी राइहे’ हे नियतकालिक संपादित केले. त्यातील आणि रात्रकार्यक्रमातील भूमिका अशी, की वेबर्नच्या नंतरचा न्याय्य वारस म्हणजे इलेक्ट्रॉनीय संगीत. पॅरिसच्या नभोवाणीवर प्येर शेफेर याने ५ ऑक्टोबर १९४८ रोजी ‘गोंगाटाची संगीतसभा’ प्रक्षेपित केली होती. आगगाडीचे इंजिन, भांडी, खेळण्यांतील भोवरे अशा प्रत्यक्ष जगातील ध्वनींची ती रचना होती. कोलोनच्या मंडळींनी या फ्रेंच प्रयोगाकडे दीर्घकाळ तुच्छतेने पाहिले. ‘तरुणांचे गीत’ या रचनेत ध्वनिमुद्रित मानवी आवाज व यंत्रस्वर एकत्र आले, तेव्हा ही भिंत प्रत्यक्षात कोसळली. सिद्धांतात ती काही वर्षे उभीच होती. मिलान येथील इटालियन नभोवाणीच्या ध्वनिशाळेत (१९५५) लुचानो बेर्यो व ब्रूनो मादेर्ना यांनी असा सोवळेपणा पाळला नाही आणि त्यांच्या रचना आजही अधिक ताज्या वाटतात, असे प्रस्तुत नोंदकाराचे मत आहे.

ब्रिटनमधील परिस्थिती वेगळी होती. बी.बी.सी.ने २९ सप्टेंबर १९४६ रोजी ‘थर्ड प्रोग्रॅम’ ही स्वतंत्र वाहिनी सुरू केली. सायंकाळी सहापासून मध्यरात्रीपर्यंत ती चाले. गंभीर कलेसाठी संपूर्ण सायंकाळच राखून ठेवल्यामुळे येथे नवसंगीताला वेगळ्या रात्रकोपऱ्याची गरज पडू नये, अशी अपेक्षा होती. पहिल्या दशकात प्रत्यक्षात मध्य यूरोपातील नव्या संगीताविषयी ही वाहिनी सावधच राहिली. १९५७ मध्ये तिचे तास घटविण्यात आले, तेव्हा टी. एस. एलियट, व्हॉन विल्यम्स यांसारख्यांनी निषेध केला. १९५९ मध्ये विल्यम ग्लॉक संगीत-विभागाचा प्रमुख झाला व त्याने पुढील वर्षापासून गुरुवारच्या निमंत्रित सभांत जुने व अगदी नवे संगीत शेजारी-शेजारी ठेवण्यास प्रारंभ केला. नवसंगीताला वेगळे काढण्याऐवजी त्याला हाइडन-मोट्सार्टच्या पंक्तीस बसविण्याची ही योजना होती. इलेक्ट्रॉनीय ध्वनींसाठीची बी.बी.सी.ची कार्यशाळा (१९५८) मात्र नाटक व श्रुतिका यांच्या सोयीसाठी स्थापन झाली होती, संगीतासाठी नव्हे. कोलोनमध्ये जी साखळी एकसंध होती, ती लंडनमध्ये दोन विभागांत तुटलेली राहिली.

५ जून १९६१ रोजी थर्ड प्रोग्रॅमवर एक मासलेवाईक घटना घडली. प्योटर झाक या तरुण पोलिश रचनाकाराची ध्वनिफीत व तालवाद्ये यांसाठीची रचना प्रक्षेपित झाली आणि वृत्तपत्रांतील समीक्षकांनी तिची इतर कार्यक्रमांबरोबर दखल घेतली. पुढे उघडकीस आले, की या नावाचा कोणी रचनाकार अस्तित्वातच नव्हता. व्हिएन्नातून निर्वासित होऊन आलेला संगीतज्ञ हान्स केलर (१९१९–८५) आणि पियानोवादक सूझन ब्रॅडशॉ यांनी हाती लागतील त्या तालवाद्यांवर मनास येईल तसे आघात करून ती ‘रचना’ मुद्रित केली होती. नवसंगीताच्या विरोधकांना हा प्रकार म्हणजे आयतेच कोलीत मिळाले. खरे आणि खोटे यांतील भेदच जर ऐकणाऱ्यास कळत नसेल, तर हे संगीत म्हणजे थोतांडच, असा निष्कर्ष काढण्यात आला. तो घाईचा होता. समीक्षकांनी रचनेची स्तुती केली नव्हती. त्यांचे अभिप्राय बहुतांशी प्रतिकूलच होते. केलरचा रोख अन्यत्र होता. अर्थहीन ध्वनीलाही संगीत म्हणून विचारात घ्यावे लागेल, इतके ऐकण्याचे निकष सैल झाले आहेत, हे त्याला दाखवावयाचे होते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये या प्रकरणावर समीक्षकांसह जी चर्चा बी.बी.सी.ने प्रक्षेपित केली, तिच्यामुळे या फसवणुकीला शिक्षणाचे मोल आले. आपल्याच संस्थेने केलेली थट्टा आपल्याच ध्वनिक्षेपणातून तपासून पाहणे, हे मोठेपणाचे लक्षण होय.

केलरचा आणखी एक प्रयोग या संदर्भात विचारात घेण्याजोगा आहे. रचनेचे विश्लेषण शब्दांनी न करता संगीतानेच करावे, अशी त्याची भूमिका होती. १९५७ मध्ये मोट्सार्टच्या एका तंतुवाद्य-चतुष्काचे असे निःशब्द विश्लेषण त्याने नभोवाणीवर सादर केले : मूळ रचनेचे भाग आणि त्यांतील आंतरिक संबंध उघड करणारे, केलरने जुळविलेले स्वरखंड एकामागून एक वाजविले गेले. आइमर्टची शब्दबहुल पद्धत आणि केलरची निःशब्द पद्धत, या दोहोंच्या मुळाशी एकच जाणीव आहे. अपरिचित संगीत नुसते कानावर घालून भागत नाही, ऐकणाऱ्याला त्यात पाऊल ठेवण्यासाठी काही जागा करून द्यावी लागते.

अमेरिकेत परवाना शुल्कावर चालणारी सार्वजनिक नभोवाणी नव्हती; त्यामुळे तेथील रात्रीचा इतिहास विस्कळीत आहे. जॉन केज (१९१२–९२) याची बारा नभोवाणी-यंत्रांसाठी लिहिलेली ‘काल्पनिक भूदृश्य क्र. ४’ ही रचना १० मे १९५१ रोजी न्यूयॉर्क येथील कोलंबिया विद्यापीठात सादर झाली. प्रत्येक यंत्रावर दोघेजण, एक केंद्र बदलण्यास व दुसरा आवाज कमीजास्त करण्यास, असे चोवीस वादक होते. कार्यक्रमाच्या अखेरीस तिची पाळी आली, तेव्हा मध्यरात्र जवळ आलेली असून बरीच केंद्रे बंद झाली होती आणि यंत्रांतून बहुतांशी खरखर व शांतताच निघाली. श्रोत्यांनी हा फज्जा मानला. केजला त्याचे फारसे वाईट वाटले नसावे. शांतता हा त्याच्या विचाराचा विषयच होता. पॅसिफिका या संस्थेच्या श्रोत्यांच्या वर्गणीवर चालणाऱ्या केंद्रांनी, विशेषतः बर्कली येथील के.पी.एफ.ए. (१९४९ पासून) आणि न्यूयॉर्क येथील डब्ल्यू.बी.ए.आय. यांनी, नवसंगीताला पुढे मोठे आवार मोकळे करून दिले. केज आणि मॉर्टन फेल्डमन यांच्यातील पाच दीर्घ संभाषणे १९६६-६७ मध्ये न्यूयॉर्क केंद्राने मुद्रित केली. त्यांत घाई नाही, ठरीव विषय नाही, मध्येच दोघे हसतात व थांबतात. जाहिरातींना बांधलेल्या वेळापत्रकात असे बोलणे बसू शकले नसते.

बर्कली केंद्रावरच १९७३ मध्ये रात्री उशिराचा ‘हार्ट्‌स ऑफ स्पेस’ हा कार्यक्रम सुरू झाला व १९८३ पासून तो देशभर जाऊ लागला. संथ, दीर्घ, तरंगत्या इलेक्ट्रॉनीय स्वरांचे संगीत अखंडपणे, फारसे निवेदन न करता ऐकविणे, हे त्याचे धोरण. त्याची लोकप्रियता मोठी आणि निवडही काळजीपूर्वक केलेली. परंतु रात्रीच्या प्रयोगशील कार्यक्रमांत येथे एक वळण आले, हे नाकारता येत नाही. कोलोनची रात्र जागे ठेवण्यासाठी होती. ही रात्र निजविण्यासाठी आहे. जी यंत्रे श्रोत्याला अस्वस्थ करण्यासाठी वापरली गेली, तीच आता त्याला थोपटू लागली. थोपटणे हेही संगीताचे एक प्राचीन कार्य आहे, म्हणून त्यास हलके लेखू नये. मात्र निवेदन गळाले, की रचना कोणाची, केव्हाची, कशासाठी, हे प्रश्नही गळतात आणि संगीत हवामानासारखे होते.

बी.बी.सी.च्या रेडिओ ३ वाहिनीवर (१९६७ पासून) नवसंगीताचे साप्ताहिक कार्यक्रम निरनिराळ्या नावांनी चालत आले. सप्टेंबर १९९९ मध्ये सुरू झालेल्या ‘लेट जंक्शन’ने मात्र वेगळी वाट धरली. मध्ययुगीन गायन, आफ्रिकन लोकसंगीत, नवे इलेक्ट्रॉनीय प्रयोग आणि जाझ ही सर्व एकाच बैठकीत, प्रकारभेद न मानता ऐकविली जात. ज्या श्रोत्याला ‘नवसंगीत’ या पाटीची धास्ती वाटते, तोही येथे नकळत अवघड रचनेपर्यंत पोहोचतो. भाष्याची जागा येथे शेजाराने घेतली : दोन दूरच्या रचना जवळ ठेवल्या, की त्या एकमेकींविषयी काही सांगतात. हे खरे असले, तरी शेजारावर विसंबण्यास मर्यादा आहे. एखाद्या रचनाकाराची विचारपद्धती समजण्यासाठी त्याच्या सान्निध्यात तासभर बसावे लागते. पाच-सात मिनिटांनंतर पुढील चमत्काराकडे वळणाऱ्या कार्यक्रमात ते घडत नाही. आठवड्यातून अनेक रात्री चालणारा हा कार्यक्रम २०१९ मध्ये एका रात्रीवर आणण्यात आला, तेव्हा शेकडो संगीतकारांनी जाहीर पत्राद्वारे निषेध नोंदविला. त्यांची तक्रार केवळ वेळेबद्दल नव्हती. ज्या तरुण रचनाकाराची ध्वनिमुद्रिका कोणतेही दुकान ठेवत नाही, त्याला राष्ट्रीय नभोवाणीवर ऐकले जाण्याच्या संधी त्यामुळे कमी झाल्या, ही होती. कोलोनच्या ध्वनिशाळेचे कामही त्यापूर्वीच, २००० च्या सुमारास थांबले होते.

भारतीय नभोवाणीने संगीताच्या आश्रयदात्याची भूमिका निःसंशय बजावली, पण तिचा रोख निराळा होता. मूळचे पुण्याचे बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे १९५२ ते १९६२ या काळात या खात्याचे मंत्री होते. त्यांनी चित्रपटगीतांना आळा घातला, १९५२ मध्ये अखिल भारतीय संगीतसभेचा साप्ताहिक कार्यक्रम सुरू केला आणि शास्त्रीय संगीताला रात्रीच्या कोपऱ्यात न ठेवता सर्वांच्या सोयीच्या वेळेत आणले. आइमर्ट आणि केसकर यांची तुलना थोडी विचित्र वाटेल. तथापि श्रोत्याला जे हवे ते देण्यापेक्षा त्याने जे ऐकावे असे वाटते ते द्यावे, ही धारणा दोघांत समान होती. एकाने तिचा उपयोग खंडित परंपरा सांधून नवनिर्मितीकडे जाण्यासाठी केला, दुसऱ्याने परंपरेच्या संरक्षणासाठी. केसकरांच्या धोरणाचा परिणाम सर्वांस ठाऊक आहे : चित्रपटगीतांचा श्रोता रेडिओ सिलोनकडे वळला. आकाशवाणीवरील प्रयोगशीलता मुख्यतः १९५२ मध्ये स्थापन झालेल्या वाद्यवृंदापुरती राहिली. रविशंकर, पन्नालाल घोष यांच्यासारख्यांनी त्याचे नेतृत्व केले, हे त्याचे भाग्य.

अहमदाबाद येथील राष्ट्रीय अभिकल्प संस्थेत १९६९ मध्ये अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर याच्या साहाय्याने इलेक्ट्रॉनीय संगीताची ध्वनिशाळा उभी राहिली. त्या काळी अत्यंत नवे असलेले मूग स्वरसंश्लेषक यंत्र तेथे आणण्यात आले. या उपक्रमामागे गीता साराभाई यांची प्रेरणा होती. १९४६ मध्ये न्यूयॉर्क येथे त्यांनी केजकडून पाश्चात्त्य संगीताचे पाठ घेतले व त्याला भारतीय संगीताची ओळख करून दिली होती. तीन-चार वर्षे भारतीय रचनाकारांनी तेथे काम केले. परंतु ही ध्वनिशाळा एका अभिकल्प-विद्यालयात होती, नभोवाणी केंद्रात नव्हती. तिच्या शेजारी प्रक्षेपक नव्हता, रात्री अकराची वेळ नव्हती, भाष्य लिहिणारा आइमर्ट नव्हता आणि दूर कोठेतरी यंत्रापाशी जागणारा श्रोताही नव्हता. फिती संस्थेच्या संग्रहात पडून राहिल्या. २०२० मध्ये बी.बी.सी.च्या रेडिओ ३ वर पॉल परगस या ब्रिटिश कलावंताने त्यांवर आधारित कार्यक्रम सादर केला आणि २०२३ मध्ये त्यांतील निवडक रचनांचा संग्रह प्रसिद्ध झाला. त्या मुद्रित होऊन तेव्हा पन्नास वर्षे उलटली होती.